तळघरात लॅकोनियम बांधताना: कागदपत्रांपासून पहिल्या तापवणीपर्यंत

जर्मनीत घरी सॉना बसवणे फार अवघड नाही. लाकडी खोकी तयार मिळते, हीटर मिळतो, दोन दिवसांत काम उरकते. लॅकोनियमचे, म्हणजे भिंतींतून तापणाऱ्या रोमन पद्धतीच्या कोरड्या स्नानकक्षाचे, तसे नाही. ते बांधावे लागते, आणि बांधून झाल्यावर वाळू द्यावे लागते. 2024 च्या फेब्रुवारीत आम्ही विचार सुरू केला आणि पहिल्यांदा पूर्ण तापवले ते डिसेंबरात. मधल्या महिन्यांत काय करावे लागले, किती पैसे गेले आणि कुठे अडायला होते, ते इथे लिहून ठेवत आहे. ही माहिती आम्हाला एका ठिकाणी कुठेच मिळाली नव्हती.

आधी फरक. फिनिश सॉनात हवा 80 ते 100 अंशांवर असते आणि दगडांवर पाणी टाकतात. लॅकोनियममध्ये हवा 50 ते 60 अंश, आर्द्रता 15 ते 20 टक्के, आणि पाणी टाकायचे नाही. उष्णता हवेतून कमी, भिंतींतून जास्त येते. चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून बसले की लागते तशी ही ऊब. म्हणून कोपऱ्यात हीटर ठेवून तापमान 55 वर लावले की लॅकोनियम झाले, असे होत नाही. ती नुसती मंद सॉना होते. डोके तापते, पाय गार राहतात. तापायला भिंतीच हव्यात.

रोमन लोकांनी हे धुरावर साधले होते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने इ. स. पू. पहिल्या शतकात, खालून भट्टीचा धूर फिरेल अशा पोकळ जमिनीचा हिशोब लिहून ठेवला आहे: आठ इंची विटांचे दोन फूट उंच खांब, विटा केस मिसळलेल्या चिकणमातीत बसवलेल्या, वर दोन फुटी फरशा. खालची जमीन भट्टीकडे उतरती, इतकी की चेंडू टाकला तर गडगडत भट्टीच्या तोंडाशी परत यावा. लॅकोनिकम, म्हणजे आजच्या लॅकोनियमचा मूळ नमुना, हा त्यातला कोरडा, गोल, घुमटाचा कक्ष. घुमटाच्या मधोमध भोक आणि त्याखाली साखळ्यांना टांगलेली काशाची तबकडी. ती वरखाली करून तापमान राखायचे. थर्मोस्टॅट म्हणावा तर तोच. ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी बाडेन-बाडेनला फ्रीडरिक्सबाड या स्नानगृहाच्या खालचे रोमन अवशेष पाहावेत. विटांचे खांब आणि भिंतीतले पोकळ नळ अजून दिसतात. वर 1877 साली सुरू झालेल्या फ्रीडरिक्सबाडमध्ये 54 आणि 68 अंशांच्या कोरड्या हवेच्या खोल्या आहेत. बांधण्याआधी दोन्हींत बसून पाहा. कुठले तापमान आपल्याला झेपते आणि कुठले आवडते हे कागदावर ठरत नाही. 68 मध्ये आम्हाला पाच मिनिटे पुरली, 54 मध्ये उठावेसे वाटत नव्हते. लक्ष्य ठरले: बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर 50 ते 52.

मार्च कागदपत्रांत गेला. बाऊआम्टला, म्हणजे बांधकाम कार्यालयाला, एक पानी पत्र आणि खोलीचा नकाशा पाठवला. भार घेणारी भिंत तोडायची नसेल आणि खोली राहण्यासाठी वापरायची नसेल, तर अशा आतल्या कामाला बहुतेक ठिकाणी परवानगी लागत नाही. पण नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून लेखी उत्तर घ्या. आम्हाला ते साधारण तीन आठवड्यांनी मिळाले, फी लागली नाही. खरी अडचण वेगळीच होती. घर रांगेतले असले तरी कागदोपत्री सहमालकीचे आहे, आणि हवा बाहेर काढायला तळघराच्या बाहेरच्या भिंतीत 100 मिलिमीटरचे भोक पाडायचे होते. बाहेरची भिंत सगळ्यांची. त्यासाठी मालकांच्या सभेचा ठराव लागतो. डिसेंबर 2020 पासून साधे बहुमत पुरते, ही त्यातली चांगली गोष्ट. सभेची सूचना किमान तीन आठवडे आधी जावी लागते आणि विषय त्या सूचनेत असावा लागतो. ऐनवेळी मांडलेल्या विषयावरचा ठराव टिकत नाही. सभा एप्रिलच्या शेवटी झाली. ठरावाला कोर्टात आव्हान द्यायला एक महिना असतो, तोवर भोक पाडायचे नाही. मे संपेपर्यंत तळघरात नुसते मोजमाप चालू होते.

या रिकाम्या महिन्यात दोन कामे करून घ्या. पहिले, घराच्या विमा कंपनीला कळवा आणि उत्तर जपून ठेवा. दुसरे, पाण्याचा निचरा ठरवा. तळघर रस्त्याच्या पातळीच्या खाली असते. मुसळधार पावसात गटार भरले की पाणी उलटे येते, म्हणून तिथल्या शॉवरला किंवा जमिनीतल्या जाळीला पंपाचे टाके किंवा उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह लागतो. आम्ही लॅकोनियममध्ये जाळीच ठेवली नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, अंघोळ वरच्या मजल्यावर. यात निदान दोन-तीन हजार युरो वाचले. जिने चढावे लागतात, पण शरीर अजून गरम असताना ते बरेच वाटते.

दरपत्रके दोन ठिकाणांहून मागवली: 31 हजार आणि 38 हजार युरो, सगळे त्यांनीच करायचे. मग साहित्य स्वतः घेऊन, वीज आणि टाइल्सचे काम कारागिरांना देऊन, बाकीचे हाताने करायचे ठरले.

आता खोली. आतून 2.1 बाय 2.0 मीटर, उंची 2.15. दोन्ही लांब भिंतींना 65 सेंटिमीटर रुंदीचे बाक, मधे 70 सेंटिमीटरची वाट, समोर दार. किती वॉट लागतील याचा हिशोब कुणावर सोपवू नका, कारण विकणारा नेहमी जास्तच सांगतो. खोलीचे कवच साधारण 26 चौरस मीटर. 10 सेंटिमीटर फोम असेल तर प्रत्येक चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला सुमारे 0.35 वॉट बाहेर जातात. आत-बाहेर 35 अंशांचा फरक धरला तर 320 वॉट. आता दार बघा: दीड चौरस मीटरची एकेरी काच एकटी जवळजवळ 250 वॉट घालवते. तासाला 30 घनमीटर ताजी हवा गरम करायला आणखी 300. कडा आणि सांधे धरून एक किलोवॉटच्या आसपास. म्हणजे तापलेली खोली तापलेली ठेवायला एक किलोवॉट पुरतो. पण टाइल्स, अ‍ॅडहेसिव्ह, लेप मिळून जे सातशे-साडेसातशे किलो वजन आत होते ते 15 अंशांवरून 50 वर न्यायला साडेसहा युनिट लागतात. आम्ही टाइल्सखाली घालायच्या विजेच्या मॅट, म्हणजे तापणारी केबल बसवलेल्या जाळ्या, एकूण अडीच किलोवॉटच्या घेतल्या आणि तापायला चार तास लागतात. याहून घाई हवी असेल तर लॅकोनियम बांधूच नये.

गरम पाण्याच्या नळ्या भिंतीत टाकायचा पर्याय बऱ्याच जणांना सुचतो. भिंत 60 अंशांवर न्यायची तर नळीत 65 च्या वर पाणी हवे. घरात हीट पंप असेल तर ते बहुधा जमत नाही.

मॅट तीन वेगळ्या विभागांत टाका, प्रत्येकाला स्वतःचा थर्मोस्टॅट. भिंतींचा वरचा भाग आणि मागची भिंत: 7.2 चौरस मीटर, दर चौरस मीटरला 200 वॉट, कमाल 60 अंश. बाक आणि पाठ टेकते तो 60 सेंटिमीटरचा पट्टा: 5.2 चौरस मीटर, 160 वॉट, कमाल 42. जमीन: दीड चौरस मीटर, 160 वॉट, कमाल 38. बाक आणि भिंत एकाच थर्मोस्टॅटवर ठेवणे धोक्याचे आहे. 43 अंशांच्या वरचा पृष्ठभाग कातडीला फार वेळ लागून राहिला तर भाजू शकते, आणि उबेत डोळा लागलेल्या माणसाला ते वेळेवर कळत नाही. त्यातही एक मेख आहे: बाकाची मॅट 42 ला बंद झाली तरी समोरच्या भिंतीच्या किरणांनी बाक आपोआप 44-45 वर जातो. म्हणून जाड टॉवेल घालूनच बसायचे, पाठीमागेही.

नेहमीच्या फ्लोअर हीटिंगचे थर्मोस्टॅट 40 अंशांच्या पुढे जात नाहीत. 60 पर्यंतचे मागवून घ्यावे लागतात, आमचे तीन मिळून 450 युरोंना पडले. केबलचे आवरण फ्लोरोपॉलिमरचे (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) घ्या आणि 60 अंशांवर सतत चालेल असे विक्रेत्याकडून लिहून घ्या. फोम बोर्डाचीही मर्यादा बघा. एक्सपीएस जातीचे (दाट पॉलिस्टायरीन फोमचे) बोर्ड साधारण 70-75 अंशांपर्यंतच सांगितलेले असतात, त्यापुढे मऊ पडतात. 60 ची मर्यादा मुख्यतः त्यासाठीच.

जूनमध्ये बोर्ड लावले. बाहेरच्या भिंतीवर पूर्ण पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर, ठिपके देऊन नाही. कारण असे: 55 अंशांच्या हवेत 20 टक्के आर्द्रता असली तरी तिचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास येतो. तळघराची बाहेरची भिंत 12-15 अंशांवर. बोर्डामागे पोकळी राहिली आणि सांध्यातून हवा तिथे पोचली की ती भिंतीवर पाणी सोडणार, आणि दोन वर्षांनी काळी बुरशी. म्हणून बोर्डाचे सांधेही चिकटवून, वर पट्टी लावून बंद करायचे. बाक त्याच फोमच्या ठोकळ्यांचे. आतला चौकोन भरीव ठेवा, पोकळ बाकावर माणूस बसला की टाइलच्या रेषेत चीर जाते.

यानंतर वीज. मॅटचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे. अडीच किलोवॉट म्हणजे 11 अँपिअर, 16 अँपिअरची वेगळी लाइन आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. वीजवितरण कंपनीची संमती 12 किलोव्होल्ट-अँपिअरच्या वरच्या उपकरणाला लागते, त्यामुळे आमच्याकडे ती पायरीच आली नाही. नऊ किलोवॉटचा सॉना हीटर घेणाऱ्यांना तिन्ही फेज लागतात, तोही खटाटोप इथे टळला. इलेक्ट्रिशियनची तारीख मिळायला मात्र पाच आठवडे गेले. मेमध्येच नंबर लावून ठेवायला हवा होता, असे नव्या वाचकांना सांगतो.

मॅट अंथरण्याची रीत अशी. जाळी कापायची, केबल कधीच कापायची नाही. केबल कोपऱ्यातून वळवायची नाही, कारण कोपऱ्यात टाइल्सचा हलता सांधा येतो आणि तापताना-निवताना तो रोज थोडा सरकतो. तिथून गेलेली केबल काही वर्षांत तुटते. म्हणून बाकाच्या बैठकीला एक मॅट, पाठीला दुसरी. सेन्सर दोन केबलींच्या बरोबर मधे, नळीत घालून, म्हणजे बिघडला तर ओढून बदलता येतो. शेजारी एक रिकामी नळी जादा टाका, खर्च नगण्य. प्रत्येक भिंतीचा मोजपट्टीसकट फोटो काढा, पुढे खुंटी ठोकताना तोच कामी येतो.

आणि रोध मोजा. हे एवढे महत्त्वाचे आहे की सावकाश सांगतो. 400 वॉटच्या मॅटचा रोध 230 व्होल्टला 132 ओहम असायला हवा, साधारण पाच टक्के कमी ते दहा टक्के जास्त चालतो, म्हणजे 126 ते 145. खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, लेपाखाली गेल्यावर आणि टाइल्स लागल्यावर असे चार वेळा मोजायचे आणि प्रत्येक वेळी आकडा त्याच कागदावर लिहायचा. शिवाय 500 व्होल्टवर इन्सुलेशनची चाचणी, केबल आणि तिच्या आवरणाची जाळी यांच्यामध्ये. आमच्या मागवलेल्यांपैकी एक मॅट खोक्यातच तुटलेली निघाली: मीटरवर काही दिसेना. विक्रेत्याने बदलून दिली, पण दोन आठवडे गेले. ती तशीच टाइल्सखाली गेली असती तर एक सबंध भिंत फोडावी लागली असती. टाइल लावणाऱ्याच्या करणीचा कोपरा केबलला लागतो तो याच टप्प्यात. त्यामुळे काम चालू असताना मॅटच्या टोकांना मीटर लावून ठेवणारे कारागीर शहाणे.

जुलै-ऑगस्टमध्ये लेप. लॅकोनियम कोरडे असले तरी ते पुसले जाते, घाम गळतो, म्हणून वॉटरप्रूफिंग सोडू नका. सिमेंटी लेप असेल तर वाळल्यावर किमान दोन मिलिमीटर जाडी हवी, दोन हातांत. कोपऱ्यांत पट्टी. पहिला हात पूर्ण वाळायच्या आत दुसरा दिला की वरून ठीक दिसतो आणि आत ओला राहतो. उन्हाळ्यातल्या दमट तळघरात हे लवकर कळत नाही. आम्ही ओलावा शोषणारे यंत्र भाड्याने आणले, आठवड्याला 60 युरो.

टाइल्समध्ये चौकोनी मोझेक घ्या, 2.5 सेंटिमीटरचे. बाकाची कड गोल करायची तर मोठी टाइल वळत नाही. अ‍ॅडहेसिव्ह लवचिक, सी2 एस1 दर्जाचे, आणि टाइलच्या पाठीला पूर्ण पसरलेले. टाइलमागे पोकळी असली की तिथे उष्णता अडते, मॅट त्या जागी जास्त तापते. टकटक करून ऐका: भरीव आवाज आला पाहिजे. आतले सगळे कोपरे आणि बाक-भिंतीची रेघ ग्राउटने (टाइल्सच्या फटी भरायच्या सिमेंटने) नाही, सिलिकोनने भरायची. ग्राउट तिथे पहिल्याच महिन्यात तडकतो. संगमरवरी फरशीचा मोह आवरा, घामातल्या आम्लाने तिची चकाकी जाते.

दार 8 मिलिमीटरच्या टफन्ड काचेचे, बाहेर उघडणारे, कडीकुलपाशिवाय, नुसते चुंबकाने टेकणारे. आतली मूठ लाकडी. हवेची आत येणारी वाट दाराखालच्या फटीतून, बाहेर जाणारी समोरच्या भिंतीत, छतापासून जरा खाली. एलईडी पट्ट्या 50 अंशांत लवकर मरतात, म्हणून प्रकाशाचा स्रोत खोलीबाहेर ठेवून फायबर ऑप्टिकच्या तारा छतात ओढल्या.

सप्टेंबर संपता संपता टाइल्स संपल्या आणि नेमके तेव्हा काहीही करायचे नव्हते. अ‍ॅडहेसिव्ह आणि ग्राउट पूर्ण घट्ट व्हायला 28 दिवस. त्याआधी मॅट चालू केली तर ओलावा वाफ होऊन टाइल उचलते, आणि हा बिघाड विम्यात नाही, वॉरंटीतही नाही. घरातल्या पाहुण्यांना एकदा लावून दाखवा म्हणावेसे वाटते, तेव्हा मुख्य स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवा. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनची शेवटची चाचणी आणि अहवाल नोव्हेंबरात आला, म्हणून 28 दिवस पुष्कळ ओलांडले गेले.

पहिली तापवणी अशी: 20 अंशांपासून सुरू, दर दिवशी पाच अंश, 45 झाल्यावर दोन दिवस तिथेच, मग 50. प्रत्येक पायरीवर टाइल्स ठोकून ऐकल्या. 40 च्या पुढे सिलिकोनचा वास येतो. तो दोन-तीन तापवण्यांत जातो, तोवर दार उघडे ठेवा. भिंतीला हात लावून काही ठरवू नका, 25 युरोचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. आमच्याकडे भिंत 58, बाक 44, डोक्याशी हवा 51, पायाशी 41 असे स्थिरावले. भिंत आणि हवा यांतला हा सात अंशांचा फरक हीच खूण. दोन्ही सारखे आले तर भिंतीऐवजी हवाच तापते आहे, किंवा भिंतीतला सेन्सर चुकीच्या जागी आहे.

वापराबद्दल थोडेच. वीस ते चाळीस मिनिटे, पाणी पिऊन, मग कोमट अंघोळ आणि पडून राहणे. हृदयविकार, कमी रक्तदाब, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, 50 अंश ऐकायला सौम्य वाटले तरी. चार तास तापवून दोन तास वापरले तर 12 युनिट वीज, 35 सेंट दराने चार युरोंच्या थोडे वर. महाराष्ट्रात कुणी बांधत असेल तर भिंत आधीच 28-30 अंशांवर असते, तापण्याचा वेळ निम्म्याच्या आसपास यावा. मात्र पावसाळ्यात आत ताजी हवा म्हणून येते ती दमटच असते, कोरडेपणाचा आकडा तिथे सहज जुळणार नाही.

खर्च: फोम बोर्ड आणि बाक 2,400, मॅट 1,900, थर्मोस्टॅट 450, लेप-अ‍ॅडहेसिव्ह-ग्राउट 900, मोझेक 1,600, दार 1,100, इलेक्ट्रिशियन 1,700, टाइल लावणारा 4,800. एकूण 14,850 युरो, भाड्याचे यंत्र आणि किरकोळ सामान वेगळे. कारागिरांच्या मजुरीचा 20 टक्के, वर्षाला कमाल 1,200 युरो, आयकरातून थेट वजा होतो, पण बिलावर मजुरी आणि साहित्य वेगळे लिहिलेले हवे आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत. रोखीने दिले तर मिळत नाही. टाइल लावणाऱ्याला हे कोटेशनच्या वेळीच सांगा, नंतर बिल फोडून द्यायला कुरकुर होते.

देखभाल: साफसफाईला आम्लयुक्त क्लीनर नको, कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. वापर संपल्यावर दार तासभर उघडे ठेवा. दर वर्षी बाक-भिंतीच्या रेघेतला सिलिकोन नखाने दाबून पाहा. कडेने सुटला असेल तर तेवढा पट्टा कापून, जागा कोरडी करून नवीन भरा. आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण दर सहा महिन्यांनी दाबायचे.